चित्रपुस्तकांतून शासनव्यवस्थेची ओळख : पालकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सरकार म्हणजे केवळ मुख्यमंत्री असे वाटते. तिच्यासाठी चित्रपुस्तक कसे निवडावे? (एक आई, डिचोली)

उत्तर : पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील चित्रांत माणसे काय करीत आहेत, ते पाहावे. इमारत, खुर्ची आणि हार घातलेला नेता एवढेच दिसत असेल, तर मुलीचा समज अधिकच पक्का होईल. माणसे एकत्र बसून बोलत आहेत, कोणी हरकत घेत आहे, कोणी ती लिहून घेत आहे, अशी चित्रे असलेले पुस्तक घ्यावे. वाचन झाल्यावर घरातील घरपट्टीची पावती तिच्यासमोर ठेवून हे पैसे पंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे का जातात, ते सांगावे. पुढे पर्वरीच्या गोवा विधानसभेत ४० आमदार असतात म्हणून कागदावर ४० ठिपके काढू द्यावेत आणि त्यांतील २१ रंगवायला सांगावे. बहुमत हा अवघड शब्द तिला रंगांच्या मोजणीतून उमगतो, आणि न रंगवलेले १९ ठिपकेही सभागृहातच बसतात, हे सांगायला मात्र विसरू नये. माझ्या मते अनेक पुस्तकांत नेमके हेच राहून जाते.

प्रश्न : चित्रांमुळे इतका गंभीर विषय पोरकट होत नाही का? (एक आजोबा, वाळपई)

उत्तर : नाही. आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रतच सचित्र आहे. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सजवली. गोव्याचे उदाहरण तर आपल्या पिढीच्या आठवणीतले आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) कायम ठेवण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा मतदारांनाही इतका मोठा निर्णय चित्र पाहून मत देऊन घेता आला. तेव्हा आपल्या घरी या प्रश्नावर कोणत्या बाजूने काय बोलले जात होते, ते नातवंडांना अवश्य सांगावे, आणि शेजारच्या घरी वेगळे मत होते, हेही त्याच आदराने सांगावे.

प्रश्न : वर्गात असे पुस्तक वाचताना पक्षीय वाद कसा टाळावा? (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : व्यक्तीऐवजी पदाविषयी बोलावे. ‘सरपंच कोण?’ असे न विचारता ‘सरपंचाला एकट्याने काय ठरवता येत नाही?’ असे विचारावे आणि मुलांना त्याचे चित्र काढू द्यावे.