पाचट पेटवले आणि शेजाऱ्याचा गोठा जळाला: हा जाळपोळीचा गुन्हा ठरतो का?

आपण कळवलेली हकीकत अशी. ऊस तुटून गेल्यावर आपल्या वडिलांनी भरदुपारी शेतातले पाचट पेटवले, वारा फिरला आणि आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला व तिच्या लगतच्या गोठ्याला लागली. जनावरे बाहेर असल्याने वाचली, मात्र आत ठेवलेली खताची पोती, फवारणीचा पंप आणि अवजारे जळाली. बांधाच्या हद्दीवरून दोन्ही घरांत दिवाणी दावा सुरू आहे आणि सहा महिन्यांपूर्वी वडील चारचौघांत 'एक दिवस तुझी गंजी पेटवून देईन' असे बोलून गेले होते. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 (एफ) व 326 (जी) खाली गुन्हा नोंदवला आहे. आग चुकून लागली असताना हा गुन्हा कसा होतो, आणि भरपाई देऊन प्रकरण मिटेल का, असे आपण विचारता.

घटना 1 जुलै 2024 नंतरची असल्यामुळे जुनी भारतीय दंड संहिता येथे लागू होत नाही. तिच्यातील कलम 435 व 436 यांची जागा आता वरील दोन खंडांनी घेतली आहे. आपल्या कायद्यात 'जाळपोळ' नावाचा स्वतंत्र गुन्हा नसून तो 'आगळीक' या गुन्ह्याचा गंभीर प्रकार आहे. कलम 324 प्रमाणे, एखाद्याला गैरहानी (बेकायदेशीर मार्गाने होणारी हानी) किंवा नुकसान पोहोचवण्याच्या उद्देशाने, अथवा तसे होण्याचा संभव आहे याची जाणीव असताना, मालमत्तेचा नाश करणे म्हणजे आगळीक. मालमत्ता दुसऱ्याचीच असली पाहिजे अशी अट नाही. विम्याच्या रकमेसाठी स्वतःचेच गोदाम पेटवणारा म्हणूनच सुटत नाही. त्यामुळे 'आम्ही आमच्याच शेतात काडी ओढली' हा बचाव एकटा पुरेसा नाही.

प्रकरणाचा खरा गाभा 'उद्देश' आणि 'जाणीव' या दोन शब्दांत आहे. पाचट वडिलांनीच पेटवले हे सर्वांना मान्य असल्याने आग कोणी लावली हा वादच नाही. वाद आहे तो काडी ओढताना त्यांच्या मनात काय होते याचा, आणि मन कोणालाच उघडून दाखवता येत नसल्यामुळे न्यायालय ते भोवतालच्या परिस्थितीवरून ठरवते. बांधाकडेने पाचट ओढून घेऊन नांगराचा मोकळा पट्टा काढला होता का, पाण्याची मोटार सुरू होती का, त्या वेळी वारा किती होता, शेजाऱ्याला आधी सांगितले होते का, आणि आग पसरताच वडील विझवायला धावले की निघून गेले, या गोष्टींना साक्षीदारांच्या तोंडच्या विशेषणांपेक्षा कितीतरी जास्त वजन असते. सहा महिन्यांपूर्वीची धमकी आणि दिवाणी दावा यांतून सरकार पक्ष हेतू, म्हणजे असे करण्यामागचे कारण, दाखवील. हेतू हा पुराव्याचा दुवा असतो, परंतु हेतू असल्याने उद्देश आपोआप सिद्ध होत नाही. रागात बोललेले एक वाक्य आणि दरवर्षीप्रमाणे, दिवसाढवळ्या, आपल्याच शेतात पेटवलेले पाचट यांची सांगड घालण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे.

उद्देश नाही आणि जाणीवही नाही, केवळ हलगर्जीपणा आहे, असे ठरले तर प्रकरण कलम 287 कडे, म्हणजे आगीबाबतच्या निष्काळजी वर्तनाकडे झुकते. तेथे शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कारावास किंवा 2000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. 326 (एफ) मध्ये, म्हणजे आगीने मालमत्तेचे नुकसान करण्याच्या आगळिकीत, ती सात वर्षांपर्यंत, तर 326 (जी) मध्ये जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत जाते. याच कारणासाठी खंड (जी) बारकाईने तपासला पाहिजे. त्यासाठी जळालेली वस्तू 'इमारत' असावी लागते आणि ती सामान्यतः पूजास्थान, मनुष्याचे निवासस्थान किंवा मालमत्ता सुरक्षित ठेवण्याची जागा म्हणून वापरात असावी लागते. कडब्याची गंजी यात बसत नाही. ती फार तर (एफ) मध्ये येते. गोठ्याचे मात्र काय? चार खांबांवर पत्रे टाकलेला, तिन्ही बाजूंनी उघडा आडोसा असेल तर 'इमारत' या शब्दावर वाद घालता येईल. भिंती, दार आणि कुलूप असेल तर, आत खते व अवजारे ठेवलेली असल्याने, सरकार पक्षाचे म्हणणे भक्कम होते. पंचनाम्यात गोठ्याचे वर्णन कसे लिहिले आहे ते आपल्या वकिलांनी प्रथम पाहावे.

हा तपशील जामिनासाठीही निर्णायक आहे. खंड (एफ) दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) पण जामीनपात्र आहे, तर (जी) अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने नव्हे तर न्यायालयाच्या विवेकाने मिळणारा, असून सत्र न्यायालयात चालतो. (जी) लागलेला असल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज विनाविलंब करावा.

भरपाईबाबत. गंजीची व पोत्यांची किंमत जरूर द्या, शेजारधर्म म्हणूनही ते योग्यच आहे, मात्र हे दोन्ही खंड आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नसल्याने केवळ तडजोडीने खटला बंद होत नाही. दोन्ही बाजूंची तडजोड दाखवून उच्च न्यायालयाकडे नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 528 खाली गुन्हा रद्द करण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहील.

वडिलांनी पोलिसांसमोर दिलेली कबुली त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण शेजाऱ्याला किंवा गावातल्या पंचांना लिहून दिलेला कागद वापरता येतो. 'माझ्या हातून चूक झाली' अशा आशयाचे काहीही वकिलांना दाखवल्याशिवाय लिहून देऊ नका. आग लागल्यावर आपल्या घरातून कोणी मदतीसाठी किंवा अग्निशमन दलाला फोन केला असेल, तर त्या फोनची वेळ दाखवणारी नोंद आजच जपून ठेवा.