ओट्याशी बसायला आणि हॉलमध्ये ठेवायला जुनं स्टूल घ्यायचं आहे. खरं जुनं आणि मजबूत कसं ओळखायचं? पुढे अमेरिकेला मुलीकडे नेता येईल का?

बाजारात जाण्याआधी घरी टेप घेऊन ओटा मोजा. स्टुलाची वरची फळी ओट्याच्या कडेपासून २५ ते ३० सेंमी खाली हवी. ओटा ८५ सेंमीचा असेल तर स्टूल ५५ ते ६० सेंमीचं. आणि ओट्याखाली ट्रॉल्या असतील तर गुडघे कुठे जाणार, हेही बघा. ग्रॅनाइट निदान २५ सेंमी पुढे आलेला नसेल तर तिथे तिरकं बसावं लागतं आणि आठवड्याभरात स्टुलावर डबे ठेवले जातात.

जुन्या बाजारात दोनच उंच्या जास्त दिसतात: ४५ सेंमीच्या आसपासची साधी स्टुलं आणि प्रयोगशाळांतली उंच. उंच असलं की दुकानदार लगेच म्हणतो, पाय कापून देतो. तीन-चार सेंमी चालतील, त्याहून जास्त नको. पाय खाली फाकत गेलेले असतात. ते कापले की जमिनीवरचा पसारा कमी होतो, आणि पाय टेकवायची आडवी दांडी फरशीलगत येऊन निरुपयोगी होते. दांडी फरशीपासून चार-पाच सेंमीवरच दिसली तर ते स्टूल आधीच कोणीतरी कापलेलं आहे.

स्टूल हातात आलं की आधी उलटं करा. वरच्या बाजूला पॉलिश मारता येतं, खालच्या बाजूचा कंटाळा येतो. फळीची खालची बाजू पॉलिश न केलेली, वर्षानुवर्षांच्या हवेने गडद झालेली हवी. सगळीकडे सारखाच चहाचा रंग असेल तर तो डबीतला आहे. झीजही जिथे माणूस लागतो तिथेच व्हायला हवी: टाचा टेकतात त्या दांडीच्या मधल्या भागावर, उचलताना बोटं लागतात त्या कडेवर, पायांच्या तळाशी. चारही दांड्या एकसारख्या झिजलेल्या असतील तर ते काम पॉलिश पेपरचं.

गोल फळी अखंड लाकडाची असेल तर टेप पुन्हा काढा. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. त्यामुळे जुना गोल किंचित लांबट होतो. ३५ सेंमीच्या फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक बरंच सांगून जातो. अर्थात साग मुळात कमी आकसतो, म्हणून फरक मिळाला नाही तर लगेच नवं ठरवू नका. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी (+) खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा असू शकत नाही. पण एकच तसा असेल तर ती नंतरची दुरुस्ती समजा. सगळेच तसे असतील आणि भाव शंभर वर्षांचा सांगत असतील, तर नमस्कार करून पुढे चला.

आता मजबुती, जी माझ्या मते वयापेक्षा महत्त्वाची. डगमग दोन प्रकारची असते. सपाट फरशीवर एक पाय अधांतरी राहत असेल तर तळाला पातळ चकती चिकटवली की झालं. पण फळी धरून पिळल्यावर सांधा उघडमीट करत असेल तर तो ढिला आहे. याला घाबरू नका. जुनी स्टुलं बहुधा सरसाने जोडलेली असतात आणि सरस कोमट पाण्याने सुटतो. सांधा मोकळा करायचा, कुसू (भोकात बसणारं टोक) आणि भोक दोन्हींवरचा जुना सरस खरवडायचा, लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, मग नवीन डिंक लावून पायांभोवती दोरी बांधून काठीने पीळ द्यायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. जुन्या सरसावरच फेव्हिकॉल ओतला तर तो लाकडात मुरत नाही, महिन्याभरात सांधा पुन्हा सुटतो. खरी अडचण खिळ्यांची. सांध्यात ठोकलेल्या खिळ्याने कुसू आतून चिरलेला असतो, मग नवा पाय किंवा नवी दांडीच करावी लागते. एल पट्ट्या मारलेलं स्टूल तर घेऊच नका.

पोखरणाऱ्या किड्यासाठी वर्तमानपत्रावर स्टूल आपटून बघा. पिठासारखा भुसा पडला आणि बारीक भोकं आतून फिकट दिसली तर किडा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. घरी आणल्यावरही महिनाभर स्टूल बाकीच्या फर्निचरपासून लांब, कागदावर ठेवा.

इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांच्या घराण्यातली स्टुलंही मिळतात. वाफेवर बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाकवण्याचं हे तंत्र जर्मन-ऑस्ट्रियन फर्निचर कारागीर मिखाएल थोनेटने कारखान्यात आणलं. त्याची प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. फळीखालच्या कड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदी लेबल शोधा. चेकोस्लोव्हाकिया लिहिलं असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. दिसायला सुरेख, पण बीचला वाळवी फार लवकर लागते. ओल येणाऱ्या तळमजल्यावर किंवा कोकणातल्या घरात मी ते ठेवणार नाही.

वर-खाली फिरणारं लोखंडी आट्यांचं स्टूल पूर्ण वर फिरवून हलवा. फळी कलंडत असेल तर आटे गेलेत. बिडाच्या पायाला तडा असेल तर सोडून द्या, बीड नीट वेल्ड करणारा मिळणं कठीण. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड शहाबादीवरही डगमगत नाही, पण कडेवर वजन पडलं की उलटतं. ते हॉलमध्ये कुंडीखाली ठेवा. माळ्यावरचं काढायला त्यावर चढू नका.

चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी फर्निचर करणारा स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे, त्याचं स्टूल म्हणून कोणी पांढऱ्या अक्षरांतला सरकारी क्रमांक दाखवला तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ती अक्षरं कोणालाही छापता येतात.

पॉलिश कसलं आहे ते खालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावून कळतं. मिनिटभरात चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं), म्हणजे जुन्या पद्धतीचं. ते घासून काढू नका. टर्पेंटाइनने पुसून वर मेण लावा, पुरे. ओट्याशी मात्र गरम भांडं त्यावर टेकवायचं नाही, पांढरं वर्तुळ उठतं. जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती २०१७ मध्ये, आधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नकोच.

अमेरिकेचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याहून नवं पण जुनाट दिसणारं स्टूल विमानतळावर अडू नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. लाकूडही बघा: शिसव आणि शीशम २०१७ पासून साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, साग नाही. म्हणून मुलीकडे न्यायचं स्टूल सागाचं, साठ-सत्तर वर्षांचं घ्या आणि दुकानदाराकडून लाकूड व अंदाजे वय लिहिलेली पावती मागून घ्या.