कुळीथ उपटू नका, कापा

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची आठ गुंठे भातजमीन आहे आणि वर वरकसात, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत, थोडी नाचणी. कडधान्याने जमीन सुधारते असं ऐकून गेल्या वर्षी नाचणीत उडीद फेकला आणि भातानंतर कुळीथ केला. नाचणीला युरिया दिला होता. कुळीथ उपटून खळ्यावर झोडला, भूस गुरांना घातलं. घरापुरती पिठी झाली, पण यंदाच्या भातात काही फरक दिसला नाही. आमचं काय चुकलं? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. कुळीथ मुळासकट खळ्यावर गेला, भूस गोठ्यात गेलं. मग कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, राहिलं काय?

कडधान्य हवेतलं नत्र (नायट्रोजन) जमिनीला देतं असं आपण बोलतो, ते अर्धंच खरं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्र बांधतात ते त्या झाडासाठी. त्यातला मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणे आपण खातो. पुढच्या भाताला मिळतं ते गळलेल्या पानांतून आणि शेतात कुजलेल्या मुळांतून. आमच्या राजापूरकडेही कुळीथ उपटायचीच रीत आहे. मीही कित्येक वर्षं उपटत होते. आता विळ्याने जमिनीलगत कापते. वेळ जातो, कंबर धरते, पण मुळं जागेवर राहतात. भूस गुरांना खुशाल घाला. फक्त त्यांचं शेण त्याच कुणग्यात परत जाऊ दे. आपल्याकडे ते सगळं आंब्याच्या कलमांना जातं आणि भाताच्या वाट्याला काही येत नाही.

आता युरिया. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरायला आळस करतं. उडीद फेकून पेरलात म्हणजे युरिया त्यालाही मिळाला. नाचणी ओळीत लावा. मी चार ओळींनंतर उडदाची एक ओळ घेते आणि खत नाचणीच्याच मुळाशी देते. जागा उताराची निवडा, पाणी साचलं की उडीद पिवळा पडतो.

गाठी कामाच्या आहेत की नाहीत हे घरीच कळतं. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, फुलावर येण्याच्या सुमारास, एक रोप खुरप्याने मातीसकट काढा, हलकेच धुवा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवी असेल तर ती गाठ नत्र बांधत नाही.

गाठी कमी दिसल्या तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठींतल्या त्याच जिवाणूंचं खत, लावा. कुळीथ, उडीद, चवळी या तिघांना एकाच गटाचं चालतं. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं. पहिल्या वर्षी मी ते बी अंगणात उन्हात वाळवलं आणि सगळे जिवाणू मारले. सावलीतच वाळवा आणि त्याच दिवशी पेरा.

आपल्या तांबड्या, आंबट जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) लोह-अॅल्युमिनियमला चिकटून बसतं, आणि स्फुरदाशिवाय गाठी भरत नाहीत. म्हणून कडधान्याला युरियापेक्षा ते आधी हवं. रॉक फॉस्फेट हे स्फुरदाचं खत अशा आंबट जमिनीत हळूहळू विरघळतं; मी शेणखतात मिसळून पेरणीआधी टाकते.

एका हंगामात भाताचं पीक दुप्पट होईल अशी आशा धरू नका. मला लोंबीत फरक दिसायला तिसरं वर्ष उजाडलं, आणि त्यात बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीत गाडल्याचाही हात होता. तो पाला तुम्हीही गाडा. गिरिपुष्पही कडधान्याच्याच कुळातलं. पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर फांद्या रोवल्या तर सहज जगतात.

यंदा भात कापल्यावर ओल आहे तोवरच कुळीथ पेरा, आठवडाही घालवू नका. आणि मोकाट गुरांचं आधी वाडीत बोलून घ्या. एकट्या घराने आठ गुंठे राखणं होत नाही. आमच्याकडे कुळीथ निघेपर्यंत घराघराने राखणीची पाळी लावलेली असते.