गोळी घेतली की ते चालतात, मग दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या काकू बसता बसताच म्हणाल्या, "ताई, यांना पार्किन्सन आहे. पण गोळी घेतली की दोन-तीन तास बरे चालतात. डॉक्टर म्हणतील, यात कसलं अपंगत्व? शेजारच्यांचं तर डायलिसिस चालू आहे, त्यांनाही नाही मिळालं."

ही धास्ती मी कितीतरी घरांत ऐकते. शेजाऱ्यांचं कारण वेगळं होतं. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकार मोजतो आणि मूत्रपिंडाचा आजार त्यांत नाही. मला हे फार खुपतं, पण आज नियम असा आहे. पार्किन्सन मात्र त्या यादीत नावानिशी आहे. थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही आहेत.

तरी नुसत्या नावावर भागत नाही. आजारामुळे माणसाला काय जमत नाही, हे पाहून सरकारी डॉक्टरांचं बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं. बहुतेक सवलतींना निदान 40 टक्के लागतात. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला 80, शिवाय घर दारिद्र्यरेषेखालचं हवं.

मी विचारलं, "दवाखान्यात जाताना काका काय करतात?"

"दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि गोळी घेऊनच निघतात. डॉक्टरांपुढे ताठ बसतात."

घोळ इथेच होतो. डॉक्टरांना दिवसातला सगळ्यात चांगला तास दिसतो. औषध मुळीच चुकवायचं नाही, पण बाकीचा दिवस कागदावर यायला हवा. मी वही ठेवायला सांगितली: गोळी किती वाजता, असर कधी उतरला, बटणं कोणी लावली, उंबऱ्याशी पाय कधी अडकला, कधी पडले. ती न्यूरॉलॉजिस्टना दाखवून तसं लिहून घ्यायचं, मगच प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज.

इतका वेळ गप्प बसलेले काका म्हणाले, "म्हणजे चारचौघांत रडगाणं गायचं?"

"नाही काका. तसूभरही वाढवायचं नाही. पण लपवायचंही नाही. बटणं काकू लावतात, हे सांगण्यात कमीपणा कसला?"

त्यांनी बोर्डापुढे ते स्वतःच सांगितलं. 55 टक्के मिळाले. केंद्राची पेन्शन बसणार नाही, हे काकूंना आधीच ठाऊक होतं. आजार वाढला तर फेरतपासणी मागता येते, निर्णय पटला नाही तर त्याच कायद्याच्या कलम 59 खाली अपील. म्हणून वही चालूच ठेवायला सांगितली आहे.