सार्वजनिक काकांची वकिली आणि त्यांचं पुढारीपण

प्रश्न असा आहे: ‘गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका हे वकील होते, एवढंच शाळेत वाचलं. त्यांच्या वकिलीचा त्यांच्या सार्वजनिक कामाशी काही संबंध होता का, की वकिली पोटासाठी आणि समाजकार्य वेगळं?’

संबंध होता, आणि माझ्या मते तोच त्यांच्या कामाचा गाभा आहे. मी स्वतः वकिली करतो, त्यामुळे मला तो जास्त ठळक दिसत असेल. पण काकांवर लिहिताना खादी आणि स्वदेशी यांनाच सगळी जागा मिळते आणि हा भाग मागे राहतो, याची मला मनापासून खंत आहे.

जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुढे पुण्यात येऊन त्यांनी वकिली केली आणि त्या काळच्या पुण्यातल्या वजनदार वकिलांत त्यांचं नाव झालं. त्या सुमारास पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांत कुरबूर सुरू होती. पेशव्यांच्या वेळचं देवस्थान, त्याचा पैसा पंचांच्या हाती, आणि पंचांना जाब विचारायचा कोणी हा प्रश्न. गावातली मंडळी एकत्र बसू लागली. बोलता बोलता लक्षात आलं की प्रश्न एका देवळापुरता नाही, सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायला रयतेची अशी कायमची संस्थाच नाही. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. अध्यक्ष औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी, पण राबणारा माणूस म्हणजे काका.

आता खरी गोष्ट. सभेचं सभासद व्हायचं तर वर्गणी भरून किंवा सरदार-इनामदार असून भागत नव्हतं. किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. ‘या गृहस्थाने आमच्या वतीने बोलावं’ असं पन्नास जणांनी लिहून दिलं, तरच तुम्ही सभासद. सुरुवातीला असे ९५ सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सहा हजारांच्या आसपास लोकांच्या सह्या होत्या.

हा नियम वकिलाच्याच डोक्यातून निघू शकतो. कोर्टात पुकारा झाला, मी उभा राहिलो आणि माझं वकीलपत्र दाखल नसेल, तर माझं म्हणणं कितीही रास्त असो, ते ऐकून घ्यायला कोणी बांधील नसतं. आधी ‘तुम्ही कोणातर्फे?’ हे ठरतं, मग बाकीचं. काकांनी हीच रीत उचलून राजकारणात आणली. सरकारी साहेबाची ठरलेली फेक होती की ही चार शिकलेली डोकी, यांच्यामागे रयत कुठे आहे? त्याला काकांनी भाषणाने उत्तर दिलं नाही, सह्यांचे कागद तयार ठेवले. काळही लक्षात घ्या. कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. मुंबईच्या करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडून नगरपालिकेत पाठवायचा हक्क मिळाला तो १८७२ च्या कायद्याने, म्हणजे सभेनंतर दोन वर्षांनी. तेव्हा पुण्यातली माणसं घरोघर फिरून ‘आमच्या वतीने कोण’ हे सहीनिशी ठरवत होती. मला हे आजही थक्क करतं.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्याला आले आणि सभेला मोठा अभ्यासक मिळाला. ही जोडी जमली. अर्ज, निवेदनं, आकडे यांची बौद्धिक बाजू रानड्यांची, तर माणसं जमवणं, फिरणं, पाठपुरावा करणं हे काकांचं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने दख्खनच्या तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारला कळवली. ते काम वाचलं की एखाद्या दाव्याची कैफियत वाचतोय असं वाटतं, इतकं ते मुद्देसूद आहे. लोकांनी आपसातले तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटवावेत म्हणून लवाद कोर्टंही त्यांनी चालवली. ज्याचं पोट दाव्यांवर चालतं त्याने हे करावं, यातच काय ते आलं.

खादीबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीत असणार. १८७२ मध्ये त्यांनी देशी सुताचंच कापड वापरायचं व्रत घेतलं, आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला सभेचे प्रतिनिधी म्हणून त्याच कपड्यांत गेले. समोर राजेरजवाड्यांची जरतार आणि हे हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत. तिथे सभेतर्फे त्यांनी मागितलं काय, तर राणीच्या ब्रिटिश प्रजेला जे राजकीय आणि सामाजिक स्थान आहे तेच हिंदी प्रजेला द्या. दानाची याचना त्यात नव्हती, बरोबरीचा दावा होता. पत्नी सरस्वतीबाईंनीही बायकांची सभा काढली आणि सर्व जातींच्या स्त्रियांना हळदीकुंकवाला एकत्र बोलावलं. त्यावर स्वतंत्र उत्तर लिहायला हवं.

मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो १८७९ सालाचा. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरलेलं होतं. पुण्याच्या शिकलेल्या लोकांवर उघड संशय, रानड्यांची बदली धुळ्याला. जुलैत फडके पकडले गेले आणि खटला पुण्यातच उभा राहिला. आरोप सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. पुराव्यात त्यांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मवृत्त. आरोपीने स्वतः लिहून ठेवलेलं सरकार पक्षाच्या हाती असताना बचाव करणं काय असतं, ते कोणत्याही फौजदारी वकिलाला विचारा. आणि वकीलपत्र घेणारा माणूस म्हणजे ज्या सभेकडे सरकार वाकड्या नजरेने बघत होतं तिचा आधारस्तंभ. काकांनी ते घेतलं. महादेव चिमणाजी आपटे यांनीही फडक्यांचा बचाव केला. नोव्हेंबरात जन्मठेपेची शिक्षा झाली, फडक्यांना एडनला नेलं आणि १८८३ मध्ये ते तिथेच गेले.

खटला हरला म्हणून काकांचं ते काम लहान ठरत नाही. बंडाचा मार्ग त्यांचा नव्हता, सभेचा सगळा कारभार अर्ज-विनंत्यांचा. तरीही आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, हे त्यांनी सगळ्यात अवघड वेळी करून दाखवलं.

त्यानंतर वर्षभरातच, २५ जुलै १८८० ला काका गेले. सभा पुढे चालू राहिली. गोखले तिचे चिटणीस झाले, १८९५ मध्ये ती टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडे गेली आणि पुढच्या वर्षी रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. १८९७ मध्ये, पुन्हा दुष्काळातच, सरकारने जाहीर केलं की सार्वजनिक नीतीच्या प्रश्नांवर सरकारशी बोलणारी संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता नाही. ‘तुम्ही कोणातर्फे?’ या ज्या सवालाचं उत्तर काकांनी १८७० मध्येच सह्यांनिशी देऊन ठेवलं होतं, तिथेच सरकारने अखेर घाव घातला.