११८ किलोच्या पैलवानाने अमेरिकेला कधी निघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, वजन ११८ किलो, दहा वर्षांची कुस्ती, हौशी एमएमएच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढतींचा खेळ) चार लढती आणि चारही जिंकलेल्या. सहा महिने पुरेल एवढी बचत घेऊन टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत यायचं, मोठ्या जिममध्ये शिरायचं आणि प्रोफेशनल हेवीवेट म्हणून सुरुवात इथूनच करायची, हे जमेल का? आणि मनाची तयारी कशी करायची?

यायचं जरूर, पण आत्ता नाही, आणि या व्हिसावर लढायला तर नाहीच. हेवीवेटच्या हातात हलक्या गटातल्या पोरांकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. डॅनियल कॉर्मिए २००४च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत चौथा आला, एमएमएची पहिली लढत २००९मध्ये तिशीत लढला आणि यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या कंपनीचा हेवीवेट पट्टा २०१८मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी जिंकला. फ्रान्सिस एन्गानू कॅमेरूनहून पॅरिसला पोचला, तिथे जिम धरली, पाच लढती जिंकून एक हरला आणि मग २०१५च्या डिसेंबरमध्ये यूएफसीत उतरला. रेकॉर्ड आधी झाला, अमेरिका नंतर आली. तुमच्यासाठीही हाच क्रम बरोबर आहे.

याचं मुख्य कारण कागदपत्रांत आहे. टुरिस्ट व्हिसावर मानधन घेऊन लढता येत नाही. इथे राहून लढायचं तर खेळाडूंचा पी-१ए व्हिसा लागतो. त्यासाठी तुम्ही स्वतः अर्ज करू शकत नाही. अमेरिकेतला प्रमोटर किंवा एजंट आय-१२९ फॉर्मवर तुमच्यासाठी अर्ज करतो आणि सोबत ठरलेल्या लढतींचे करार, वेळापत्रक जोडतो. वैयक्तिक खेळाडूला एका वेळी पाच वर्षांपर्यंत मंजुरी मिळू शकते. पण आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळख आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि चार हौशी विजयांत ती सिद्ध होत नाही. देशाच्या संघातून खेळलेली कुस्ती, रँकिंग, परदेशातल्या नावाजलेल्या प्रमोशनमधल्या (लढती भरवणाऱ्या कंपनीतल्या) लढती, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, महासंघाचं पत्र, असा पुरावा लागतो. म्हणून आजपासून प्रत्येक करार, लढतींची यादी, पोस्टर आणि तारखेसह कात्रण एका फाइलमध्ये लावत जा. मराठी कात्रणांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल. अर्ज करताना इमिग्रेशनचा वकील हवाच. या कामात एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण धिप्पाड माणसाला ही ऑफर हमखास येते. पी-१एवर बाउन्सरची रोजंदारी, गाडी चालवणं, मुलांना पैसे घेऊन शिकवणं, यातलं काहीही करता येत नाही. व्हिसा ज्या कामासाठी मिळाला तेवढंच काम. त्यामुळे लढती नसतील तेव्हाचा खर्च बचतीतूनच निघतो, आणि सहा महिन्यांची बचत त्याला पुरत नाही. किमान एक वर्षाची तरी हवी.

हिशोब मांडून बघा. समजा लहान प्रमोशनमध्ये उतरण्याचे २,००० आणि जिंकल्यावर आणखी २,००० डॉलर ठरले. जिंकलात तर ४,०००. परदेशी खेळाडूच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो, म्हणजे १,२०० गेले. मॅनेजरचे १५ टक्के आणि जिमचे १० टक्के धरले तर आणखी १,००० गेले. उरले १,८००, हरलात तर ९००. त्यातूनच तपासण्यांचे पैसे. आणि हे लढतीआधीच्या आठ-दहा आठवड्यांच्या सराव-कॅम्पनंतर. कापलेल्या कराचा काही भाग रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, पण भाडं तोवर थांबत नाही.

तपासण्यांमध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, डोळ्यांत थेंब घालून केलेली पडद्याची तपासणी हे बहुतेक ठिकाणी लागतं. लढतींना परवानगी देणारं नेवाडा राज्यासारखं कमिशन मेंदूचा एमआरआय आणि एमआरएसुद्धा (रक्तवाहिन्यांची तपासणी) मागतं. यातली रक्ततपासणी आणि डोळे तिकडेच, निघण्याआधी करून घ्या. अंतिम कागद इथे नव्याने करावे लागले तरी चालतील, पण पडद्यात दोष असेल तर तो इथे येऊन, लढतीच्या आठवड्यात कळू नये.

आता कुस्तीविषयी. तुमचं भांडवल तेच आहे, पण त्यातल्या दोन सवयी मोडाव्या लागतील. पहिली, पोटावर पडून राहण्याची. मॅटवर चितपट होऊ नये म्हणून पैलवान पोटावर वळतो आणि अंग आवळून धरतो. एमएमएत तसं वळलात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो, कानशिलावर ठोसे टाकतो. ते चुकवायला हनुवटी वर आली की हात गळ्याखाली. पाठ टेकली म्हणून इथे कोणी हरत नाही. कुशीवर या, एक कोपर खाली रोवा, कंबर मागे ओढा, पाठ जाळीला लावा आणि जाळीच्या आधाराने उठा. ११५ किलोचा माणूस अंगावर असताना हे रोज वीस-वीस वेळा करावं लागतं, तेव्हा कुठे अंगात मुरतं.

दुसरी सवय डोक्याची. दुहेरी पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला आणि खाली गेलं की मान आयतीच समोरच्याच्या काखेत जाते आणि गिलोटिन, म्हणजे गळा आवळण्याचा डाव, बसतो. डोकं वर, कपाळ त्याच्या छातीला, आणि त्याला मोकळ्या जागेत पाडण्यापेक्षा जाळीपर्यंत रेटत नेऊन तिथे मांड्यांमागे हात जोडा. दमलेल्या माणसाचं डोकं आपोआप खाली जातं. यूएफसीचा हेवीवेट विजेता केन वेलास्केझचा दम सगळ्या गटात नावाजलेला होता, पण जून २०१५मध्ये मेक्सिको सिटीच्या सुमारे २,२४० मीटर उंचीवर तो दमला, तिसऱ्या राउंडला पट काढायला गेला आणि फाब्रिसियो वेरदुमच्या गिलोटिनमध्ये अडकला. वेरदुम कित्येक आठवडे आधीच उंचीवर जाऊन सराव करत होता.

वजनाची मर्यादा २६५ पाउंड, म्हणजे १२०.२ किलो. तुम्ही त्यात बसता, पण बसण्यासाठी वजन ठेवायचं नसतं. पाच मिनिटांचे तीन राउंड तुमच्या बांध्याला ११०-११२ वर जास्त सोपे जातील, असं माझं मत आहे.

मनाबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर एन्गानूच्याच कारकिर्दीत सापडतं. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचा विजेता स्टीपे मिओचिचने त्याला पाचही राउंड दमवून हरवलं. जुलैमध्ये डेरिक लुईससमोर तो जवळजवळ हातच उचलेना. आधीच्या लढतीची भीती मनात घेऊन उतरलो, हे त्याने नंतर उघड मान्य केलं. हेवीवेटमध्ये एका ठोशाने लढत संपते, म्हणून ठोसा खाण्याची भीती सगळे ओळखतात. दम संपेल ही भीती ओळखू येत नाही, कारण ती संयमासारखी दिसते. तिच्यावर नुसत्या बोलण्याने उतारा पडत नाही. दमलेल्या अवस्थेत, चौथ्या-पाचव्या राउंडला ताज्या जोडीदारासमोर उभं राहून काम करायचं, हे दर आठवड्याला, हलक्या हाताने. जोरदार स्पारिंग (सरावातली लढत) मात्र आठवड्यातून एकदाच. मेंदूला लागलेला मार भरून येईलच असं नसतं. एन्गानूने पुढच्या चार लढती पहिल्याच राउंडमध्ये संपवल्या आणि मार्च २०२१मध्ये मिओचिचलाच नॉकआउट करून पट्टा घेतला.

‘रोड टू यूएफसी’ची आशा धरू नका, आशियातल्या खेळाडूंसाठीच्या त्या स्पर्धेत हेवीवेट गट नसतो. तुमच्या गटात माणसंच कमी, म्हणून बोलावणं येतं ते बहुधा कोणाच्या तरी दुखापतीमुळे, दहा-बारा दिवस आधी. पासपोर्ट, तपासण्या आणि वजन कायम तयार असलं तर ते बोलावणं तुमचं.

येत्या दोन वर्षांत पाच-सहा प्रोफेशनल लढती घ्या, त्याही अधिकृत नियमांखाली झालेल्या आणि टॅपोलॉजी या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर नोंद असलेल्या. मधे एकदा सहा-आठ आठवडे स्वखर्चाने, कोणाकडून एक डॉलरही न घेता, फक्त सरावाला येऊन जाता येईल का ते वकिलाला विचारा, आणि व्हिसाच्या मुलाखतीत खरं कारण सांगा. सॅन होजेची अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमी किंवा फ्लोरिडातल्या कोकोनट क्रीकची अमेरिकन टॉप टीम ही नावं तुम्हाला माहीतच असतील. पण नाव बघून जिम निवडू नका. आधी ईमेल करून तीन गोष्टी विचारा: १०० किलोंवरचे किती जण रोज सरावाला असतात, बाहेरच्या माणसाला प्रोफेशनल बॅचमध्ये घेतात की नवशिक्यांच्या, आणि जोरदार स्पारिंगच्या दिवशी कोच जाळीच्या आत असतो की नाही. १०० किलोंवरचे निदान तीन जणही नसतील, तर ती जिम कितीही नावाजलेली असली तरी तुमच्या कामाची नाही.