रुमालाखालचा सौदा आणि व्हॉट्सॲपचं कुलूप

ताई, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. यजमानांचे तपासणीचे रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे होते. मुलगा म्हणाला, "टाक बिनधास्त, सगळं एनक्रिप्टेड असतं." म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये असं कुलूपबंद. तुम्हाला शंका आली, की मग टीव्हीवर लोकांच्या चॅट दाखवतात त्या कुठून येतात? आणि जाता जाता लिहिलंत, "तसंही आपल्यासारख्यांकडे लपवण्यासारखं असतं काय?"

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण त्याचा चटका मी स्वतः खाल्लेला आहे.

२०११ची गोष्ट. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम बघत होतो. महिनाअखेरीला थकबाकीची यादी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि एसटीने मुख्य कार्यालयात नेऊन द्यायची, हा माझा नेम. एकदा तो पेनड्राइव्ह स्टँडच्या कँटीनमध्ये पडला. साधी एक्सेलची फाइल, वर पासवर्डसुद्धा नाही. हजाराच्या वर खातेदारांची नावं, गाव, कर्जाची रक्कम, किती हप्ते थकले, जामीनदार कोण.

ज्याला सापडला तो कॉलेजचा मुलगा, अगदी सरळ. कोणाचा आहे ते कळावं म्हणून त्याने नेट कॅफेत लावून बघितला, फाइलवर संस्थेचं नाव दिसलं, दुसऱ्या दिवशी आणून दिला. आम्ही त्याला चहा पाजला. मला वाटलं, सुटलो. आठ-दहा दिवसांनी एक निवृत्त गुरुजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिले होते, मेव्हण्याने हप्ते थकवले होते. घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि पारावर कोणीतरी विचारलं, "काय गुरुजी, यादीत नाव आलंय म्हणे?" नेट कॅफेत शेजारी बसलेल्यांनी वाचलं असणार, दुसरं काय. गुरुजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझं नाव बाहेर कसं गेलं, तेवढं सांगा."

त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. फक्त ती गोष्ट कोणाला आणि कधी सांगायची, हे त्यांच्या हातात राहायला हवं होतं. ते मी घालवलं.

पुढच्या महिन्यापासून तोच पेनड्राइव्ह मी ट्रूक्रिप्ट नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरने पूर्ण कुलूपबंद करून न्यायला लागलो. तसा पेनड्राइव्ह सापडला आणि कोणी कॉम्प्युटरला लावला, तर विंडोज फक्त विचारतं, "फॉरमॅट करायचा का?" त्याला आत कचरा दिसतो, ना नाव ना आकडा. त्या पोराने फॉरमॅट केला असता तर माझे तीनेकशे रुपये गेले असते, बस्स.

आता तुमचा मुद्दा. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात कधी गेला असाल तर रुमालाखालचा सौदा बघितला असेल. दोघं हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, आकडा मात्र त्या दोन हातांनाच कळतो. एनक्रिप्शन म्हणजे हा टॉवेल. मधला रस्ता उघडा असणार हे धरूनच चालायचं: मोबाइल कंपनी, हॉटेलचं वाय-फाय, समुद्राखालच्या केबल, सगळं पारदर्शक. आतला आकडा तेवढा झाकायचा.

पण टॉवेलखाली नेमका कोणाचा हात आहे, हे लोक विचारत नाहीत. पुष्कळदा मालक आणि गिऱ्हाईक यांचे हात एकमेकांत नसतातच. मध्ये दलाल असतो. तो एकदा याच्या हाताला हात लावतो, एकदा त्याच्या. बघ्यांना काही कळत नाही, दलालाला दोन्हीकडचं कळतं. आपण रोज वापरतो त्यातलं बरंचसं एनक्रिप्शन याच जातीचं आहे. बँकेची वेबसाइट, रेल्वेचं तिकीट, साधी ईमेल, इथे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं. रस्त्यात कोणी वाचू शकत नाही, पण पलीकडची कंपनी सगळं वाचते. बँकेच्या बाबतीत ते बरोबरच आहे, बँकेला आपली शिल्लक कळायलाच हवी. टेलिग्रामची नेहमीची चॅटसुद्धा यातलीच. तिथे 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू केली तरच दलाल बाजूला होतो. हे खूप जणांना माहीत नसतं आणि सांगितलं तर पटत नाही.

एवढा टॉवेलसुद्धा फार जुना नाही. जीमेलने सगळ्यांसाठी एचटीटीपीएस आपणहून चालू केलं ते जानेवारी २०१०मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फायरशीप नावाचं एक ब्राउझरचं जोडसॉफ्टवेअर आलं. एकाच उघड्या वाय-फायवर बसलेल्या शेजाऱ्याचं फेसबुक खातं त्याने एका क्लिकमध्ये उघडायचं. बनवणाऱ्याने ते मुद्दाम जाहीर सोडलं, की कंपन्यांना लाज वाटावी. लाज वाटली, पण सावकाश.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६पासून सगळ्यांसाठी मधला दलाल काढला. किल्ल्या दोन्ही टोकांच्या फोनवर तयार होतात आणि तिथेच राहतात. ज्याच्याशी बोलता त्याच्या नावावर टॅप करून एनक्रिप्शन उघडलंत तर ६० आकड्यांची एक ओळ दिसेल. समोरच्याच्या फोनवर तीच ओळ असेल तर मध्ये कोणी हात घातलेला नाही. मी हे बहिणीबरोबर एकदा शेजारी बसून ताडून बघितलं. ती म्हणाली, "एवढं करायला तुला वेळ कसा मिळतो?"

मग टीव्हीवरच्या चॅट? त्या टॉवेल फाडून आलेल्या नसतात. २०२०मध्ये मुंबईतल्या सिनेमावाल्यांच्या चॅट वाहिन्यांवर फिरत होत्या, तेव्हाही हाच प्रश्न सगळे विचारत होते. तपास यंत्रणेच्या हातात उघडा फोन किंवा त्याची पूर्ण प्रत आली, की कुलूप तोडायचा प्रश्नच राहत नाही. गटातल्या कोणी स्क्रीनशॉट काढला तरी तेच. २०१९मध्ये पेगाससचं प्रकरण बाहेर आलं, व्हॉट्सॲपने सांगितलं की सुमारे १,४०० फोनवर हल्ला झाला. त्यातही एनक्रिप्शनचं गणित कोणी मोडलं नव्हतं. हेरगिरीचं सॉफ्टवेअर थेट फोनमध्ये घुसवलं होतं. टॉवेलच्या आत तिसरं बोट.

आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे बॅकअप. तुमच्या चॅट रात्री गुगल किंवा ॲपलच्या साठवणीत जात असतील, तर तिथे व्हॉट्सॲपचं ते दोन टोकांमधलं कुलूप मुद्दाम लावल्याशिवाय लागत नाही. ही सोय २०२१मध्ये आली, पण ती आपण जाऊन चालू करावी लागते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथे पासवर्ड ठेवा, नाहीतर ६४ अक्षरी किल्ली मिळते ती कागदावर लिहा. मी विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवली आहे. ती हरवली तर व्हॉट्सॲपही परत देऊ शकत नाही, बॅकअप गेला म्हणून समजायचं. व्हॉट्सॲपमध्येच 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा. कधीतरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडलेलं असतं आणि ते तिथे तसंच चालू राहतं.

टॉवेल न झाकणारी अजून एक गोष्ट आहे: कोण कोणाचा हात धरून किती वेळ उभा होता. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या नंबरवर एका आठवड्यात चार फोन गेले, तर आतलं बोलणं ऐकायची गरज कोणाला आहे? कोण कोणाशी, कधी, किती वेळा, ही माहिती फोन कंपनीकडे असते, ॲपवाल्यांकडेही बऱ्यापैकी असते. तिथे एनक्रिप्शनकडून फार अपेक्षा ठेवू नका. एसएमएसला तर दोन टोकांमधलं कुलूपच नाही.

आता किल्लीबद्दल, कारण आपल्याकडे खरा घोटाळा तिथे होतो. लहानपणी आम्ही 'च'ची भाषा बोलायचो. "चलाम चकभू चगलीला" म्हणजे मला भूक लागली. आईला पद्धत कळली त्या दिवशी ती भाषा संपली. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने १८८३मध्येच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावं. आज सगळीकडे वापरतात ती एनक्रिप्शनची एईएस पद्धत २००१पासून जाहीर छापलेली आहे, कोणीही वाचावी. पण तिची लहानात लहान किल्लीसुद्धा १२८ बिटांची, म्हणजे १२८ शून्य-एकांची ओळ. एकेक करून बघायच्या म्हटलं तर शक्यतांचा आकडा ३९ अंकी होतो.

आणि आपण काय करतो? ई-आधारची पीडीएफ घ्या. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव तर माहीतच असतं, उरली सालं, शंभरेक. म्हणजे तिजोरी पोलादी आणि किल्ली पायपुसण्याखाली. तरी लोक ती फाइल गटावर टाकतात आणि खालच्याच मेसेजमध्ये पासवर्ड! आमच्या सोसायटीच्या गटावर हे मी डोळ्यांनी बघितलंय, सेक्रेटरींनीच केलं होतं.

त्याहून नेहमीची जागा म्हणजे झेरॉक्सचं दुकान. "दादा, नंबर सांगा, व्हॉट्सॲप करते." फाइल तुमच्या फोनपासून दुकानदाराच्या कॉम्प्युटरपर्यंत पूर्ण बंदोबस्तात जाते, आणि तिथे डाउनलोड फोल्डरमध्ये उघडी पडते. मागे एकदा प्रिंट शोधून देताना दुकानदाराने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आधार, पॅन, घटस्फोटाचे कागद, कोणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळं रांगेत. माणूस भला होता, त्याला वेळ नव्हता एवढंच. आता मी पेनड्राइव्ह नेतो आणि प्रिंट झाली की समोरच फाइल काढायला लावतो. आधार द्यायचंच असेल तर पहिले ८ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते चालतं.

यूपीआयचं विचारलं नव्हतंत, पण सांगून टाकतो. पिन टाकताना पडद्याचं रूप थोडं बदलतं, लक्षात आलं असेल. तो भाग एनपीसीआयचा, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा असतो. पिन तिथल्या तिथे कुलूपबंद होऊन जातो, फोनपे किंवा गुगल पे यांना तो दिसत नाही. मंदिराच्या दानपेटीसारखं: टाकू कोणीही शकतं, उघडायची किल्ली विश्वस्तांकडे. फक्त पेटी खरंच देवस्थानची आहे का, हे बघायचं काम आपलं. खोट्या वेबसाइटलाही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारचं ते एचटीटीपीएसच्या कुलपाचं चिन्ह फुकटात मिळायचं, म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. आणि फोनवर कोणी साहेब बनून तुमच्याकडूनच पिन वदवून घेतला, तर कुठलंच एनक्रिप्शन आड येत नाही. तसं झालंच तर वेळ न घालवता १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय, "पोलिसांना तरी वाचता यायला पाहिजे ना?" २०१५मध्ये सरकारने धोरणाचा मसुदा काढला होता, त्यात लोकांनी आपले मेसेज ९० दिवस साध्या, वाचता येतील अशा रूपात जपून ठेवावेत असं होतं. एवढा गदारोळ झाला की तो लगेच मागे घेतला. मग २०२१च्या नियमांत मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून देण्याची अट आली, व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मधल्या काळात, २४ ऑगस्ट २०१७ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे एकमताने सांगितलेलं आहे. गुन्हेगार पकडायला हवेत, यात वाद नाही. पण फक्त चांगल्या माणसालाच दिसेल असं भोक टॉवेलला पाडता येत नाही. भोक दिसलं की दलालही डोळा लावतो आणि चोरही. माझं मत एवढंच. वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा.

तर ताई, मुलगा चुकीचं सांगत नाहीये. रिपोर्ट रस्त्यात कोणी वाचणार नाही. पण तुम्हीच लिहिलंय की गटात २३ जण आहेत. म्हणजे २३ फोन, त्यांचे २३ बॅकअप, आणि त्यातला एक, तुमच्या नणंदेच्या मुलाचा, सध्या दुरुस्तीला दुकानात पडलाय, स्क्रीन लॉकचा नमुना दुकानदाराला सांगून. रिपोर्ट ज्यांना वाचून काही कळतं त्या डॉक्टर भाचीला आणि थोरल्या दीरांना वेगवेगळे पाठवा. गटावर "तपासण्या झाल्या, औषधं सुरू आहेत, काळजी नसावी" एवढं टाका. आणि यजमानांना एकदा विचारा, कोणाकोणाला सांगायचं ते.